आशाताई, किमोनंतरच्या ताटासाठी तुमचे आभार

आशाताई, सप्रेम नमस्कार.

किमो, म्हणजे कॅन्सरवरचं औषध, नागपुरात दिली जाते, पण दोन किमोंमधले बहुतेक दिवस पेशंट गावातच असतो. ते दिवस तुम्ही सांभाळलेत, म्हणून किमो वॉर्डातल्या आम्हा सिस्टरांचं हे पत्र.

सगळ्यात मोठे आभार चुकीचं पथ्य मोडल्याबद्दल. "गोड नोको देऊ, गाठ वाढते," म्हणत घरचे आधी साखर, मग दूध, मग अंडी बंद करतात. त्यानं गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र सुकतो. वजन उतरलं की अंगात ताकद राहत नाही आणि पुढची किमो लांबते. ४५ किलोच्या बाईला दिवसाला ५५-६० ग्रॅम प्रथिनं लागतात. तुम्ही आकडा बाजूला ठेवून थेट ताट मांडून दाखवलंत: दोन पूर्ण उकडलेली अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाण्याचा कूट, दोन पेले दूध, दोन-तीन भाकरी. एका बैठकीत नाही, तर दर दोन तासांनी थोडं थोडं.

तोंड आलं की भाकर उतरत नाही. तेव्हा एक वाटी ज्वारीच्या कण्या पाच वाट्या पाण्यात मऊ शिजवून, कोमट झाल्यावर दूध आणि चमचाभर तूप. आंबील पौष्टिक म्हणून लोक हटकून देतात, पण ती आंबट, फोडांना झोंबते. ते तुमच्या बरोबर लक्षात आलं. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या करायच्या, हेही तुम्ही घरोघरी करून दाखवलंत. फोडणीच्या वासानं मळमळतं, म्हणून तेवढा वेळ पेशंटची खाट अंगणात.

कॅलेंडरवरची ती लाल रेघ आम्हाला फार आवडली. किमोच्या तारखेपासून सातवा ते चौदावा दिवस. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण तेव्हाच सगळ्यात कमी असतात. त्या दिवसांत रात्रीचं उरलेलं वरण, कच्चा कांदा, वरून भुरभुरलेला सांबार (कोथिंबीर), रसवंतीचा रस काही नाही. पाणी उकळून, झाकून. आणि ताप १००.४ फॅरनहाइट झाला की गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच गाडी काढायची. गोळीनं ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग वाढत राहतो. हे घरच्यांना पटवणं सोपं नसतं, ताई.

आता उन्हाळा लागतोय. ऑक्झॅलिप्लॅटिन हे किमोचं औषध चालू असलेल्या पेशंटना किमोनंतर काही दिवस माठातलं पाणी देऊ नका. गारव्यानं घसा आवळल्यासारखा होतो, बोटांना मुंग्या येतात. उकळून थोडं कोमट राहिलेलं पाणीच द्या.

तुमच्या,
किमो वॉर्डातल्या सिस्टर