हळदीपासून अंतरपाटापर्यंत चेहरा एकच असतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की पार्लरांतले फोन खणखणू लागतात आणि वर्तमानपत्रांच्या लग्नसराई पुरवण्याही निघू लागतात. त्यांत मेंदीचा लूक वेगळा, हळदीचा वेगळा, संगीताचा वेगळा असतो आणि छायाचित्रेही देखणी असतात. पण हे सगळे लूक तीन दिवसांत एकाच चेहऱ्यावर आणि त्याच केसांवर करायचे असतात. एका कार्यक्रमाची हौस पुढच्या कार्यक्रमाची वाट लावू शकते, हे मात्र कुठे छापून येत नाही. नवरीकडच्या मंडळींना खरी गरज त्याचीच असते, म्हणून आम्हा पार्लर चालवणाऱ्यांचे हे पत्र.

नियोजन नेहमी मुहूर्तापासून मागे मोजत करावे. समजा, लग्न रविवारी आहे. मग शनिवारी सकाळी ग्रहमख आणि हळद, संध्याकाळी संगीत किंवा सीमांतपूजन, शुक्रवारी मेंदी. मेंदी शुक्रवारीच का? खऱ्या मेंदीचा रंग लेप काढल्यावर आधी नारिंगी दिसतो आणि २४ ते ४८ तासांत गडद होत जातो. शनिवारी रात्री काढलेली मेंदी रविवारी अंतरपाटाशी फिकीच दिसणार. शुक्रवारी दुपारी काढली, पाच-सहा तास राहू दिली, पाण्याने न धुता खरवडून काढली आणि वर तेल चोळले, तर रविवारी सकाळी ती ऐन रंगात असते.

मेंदीआधी हाताला तेल किंवा लोशन नको. त्याने रंग आत शिरत नाही. वॅक्सिंग बुधवारी किंवा फार तर गुरुवारी सकाळी उरकावे. मेंदीनंतर वॅक्सिंग केले तर त्वचेच्या वरच्या थराबरोबर रंगही निघतो, आणि हळदीच्या सकाळी केले तर केस निघालेल्या रंध्रांवर हळद झोंबते, बारीक पुटकुळ्या येतात. चेहऱ्याच्या थ्रेडिंगलाही हाच नियम. ज्या मुली मुरुमांसाठी रेटिनॉल किंवा ॲडापलीनचे मलम लावतात त्यांनी चेहऱ्याच्या वॅक्सिंगआधी किमान आठवडाभर ते बंद ठेवावे, नाहीतर त्वचा सोलून निघते. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील, तर वॅक्सिंग नकोच. हे पार्लरमध्ये आपणहून सांगावे. खुर्चीत बसलेल्या मुलीला विचारायचे पुष्कळ ठिकाणी राहून जाते.

मेंदीच्या बाबतीत एका गोष्टीवर आम्ही अजिबात तडजोड करत नाही. तासाभरात काळा रंग देणारा कोन मेंदीच्या नावाखाली घरात येऊ देऊ नका. मेंदीचा पाला काळा रंग देत नाही. त्या काळेपणामागे बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन, हे केसांच्या डायमधले रसायन असते. त्याची ॲलर्जी आधीच असेल तर एक ते तीन दिवसांत, म्हणजे नेमके लग्नाच्या सुमारास, नक्षीच्याच आकारात हात सुजतो आणि फोड येतात. पहिल्यांदाच ॲलर्जी होत असेल तर आठवडा-दीड आठवड्यानेही उठते. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते, पुढे केस रंगवतानाही त्रास देते. केसांना डाय लावायचा तर ४८ तास आधी कानामागे थोडा लावून पाहायचा तो याचसाठी. लग्नाआधी रंग करायचाच असेल तर दोन आठवडे आधी करावा.

आता हळद. घोळ होतो तो बहुतेक इथेच. हळदीतला पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. कोरड्या त्वचेत, चेहऱ्याच्या लवेत, केसांच्या रेषेवर, भुवयांत आणि नखांच्या कडांना तो धरून बसतो. मग रविवारी चेहऱ्यावर फाउंडेशन आणि गळा-कान पिवळे, असा फोटो येतो. यावरचा उपाय हळदीच्या आधी करायचा असतो. केसांच्या रेषेवर, भुवयांवर, कानामागे आणि नखांभोवती पेट्रोलियम जेलीचा किंवा खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. उरलेल्या अंगाला साधे मॉइश्चरायझर पुरते. केसांची घट्ट वेणी घालून ती वर बांधावी. ज्यांनी केसांना हायलाइट केले आहेत त्यांनी ते झाकूनच ठेवावेत, कारण ब्लीच झालेला केस हळदीचा रंग पिऊन घेतो. नेलपॉलिश, जेल नखे हे सगळे हळदीनंतर. फिकट रंगाची जेल नखे एकदा पिवळी पडली की पुन्हा करण्यावाचून उपाय नसतो.

हळद खेळून झाली की साबण लावायचा नाही. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कलीत हळद लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. आधी कोरड्या कापडाने लेप पुसावा, मग तेल किंवा क्लिन्सिंग बाम लावून दोन-तीन मिनिटे हलके चोळावे, पुसावे, आणि शेवटी बेसन-सायीने किंवा सौम्य फेसवॉशने धुवावे. तळहातांवर मात्र काही घासायचे नाही, कालची मेंदी तिथे आहे. सुवासिनींनी आंब्याच्या पानांनी हळद लावायची आपली रीत या दृष्टीने फार सोयीची आहे. पान टेकवले की रीत होते, चोळावे लागत नाही.

लेपात काय घालायचे? अर्ध्या वाटी बेसनाला दोन चमचे हळद आणि कालवण्यापुरते दही किंवा तेल एवढे पुरे. लिंबू घालू नये. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की काळे डाग आणि भाजल्यासारखे फोड येऊ शकतात, आणि हळदीचा कार्यक्रम बहुधा अंगणात किंवा गच्चीवर, उन्हातच होतो. बाजारातली भडक पिवळी, वासाची तयार पूड टाळावी; तिच्यात कसला रंग मिसळला आहे हे कळायला मार्ग नसतो.

आणि एक गोष्ट, जी ठरवायचे दोन्ही घरे विसरतात. नवरीला लागते ती उष्टी हळद, म्हणजे नवऱ्या मुलाकडून आलेली. तिच्यात अत्तर घातले आहे की गुलाबपाणी, हे मुलीच्या घरी कोणालाच ठाऊक नसते. विहिणीविहिणींनी आठवडाभर आधी बोलून एकाच पाकिटातली हळद दोन्ही घरी ठेवावी. त्यातली चिमूटभर मुलीच्या कोपराच्या आत लावून दोन दिवस पाहावे. त्याने रीत मोडत नाही आणि चेहरा सुखरूप राहतो.

हळदीला फाउंडेशन लावूच नये. वरून लेप चोळला गेला की ते रंध्रांत जाते. रंगछटा असलेले सनस्क्रीन, वॉटरप्रूफ मस्कारा आणि ओठांना टिंट, एवढ्यावर हळदीचे फोटो छान येतात.

हळदीनंतर दुपारी केस धुतले जातात, आणि हेच न्हाणे रविवारच्या अंबाड्यापर्यंत पुरवायचे असते. शाम्पू दोनदा करावा, म्हणजे तेल राहत नाही. कंडिशनर फक्त टोकांना. केस पूर्ण वाळवावेत. संध्याकाळी संगीताला मोकळे कुरळे केस करावेत, पण मागचे केस उलटे विंचरून फुगवू नयेत. तो गुंता रविवारी पहाटे सोडवताना अर्धा तास जातो आणि केस तुटतात ते वेगळेच. हलक्या हेअरस्प्रेचे कुरळे केस दुसऱ्या दिवशी ब्रशने मोकळे केले की खोप्याला उत्तम पकड मिळते. त्याच सकाळी धुतलेल्या केसांतून पिना सटकतात. स्मूदनिंग किंवा केराटिन केलेल्या केसांचेही तसेच होते, म्हणून नऊवारी आणि खोपा ठरला असेल तर लग्नाआधीच्या दोन महिन्यांत ते करू नये.

अडचण येते ती मंगलस्नानाची. लग्नाच्या पहाटे डोक्यावर तेल घालून न्हाऊ घालायची रीत ज्या घरी आहे तिथे दोनच मार्ग आहेत. एक, भांगात शकुनाचे बोटभर तेल टेकवून बाकी केस टोपीत झाकावेत. दोन, पूर्ण न्हाणे करायचे असेल तर एक तास आधी उठून केस धुऊन, वाळवून, टेक्स्चर स्प्रे मारून घ्यावेत. कोणता मार्ग धरायचा हे आजीला आणि मेकअप करणारीला एकत्र बसवून आधी ठरवावे. पहाटे पाचला न्हाणीघराच्या दारात हा विषय निघाला तर कोणाचेच समाधान होत नाही.

संगीताच्या मेकअपचा निर्णय रंगमंचावरच्या दिव्यांवर अवलंबून असतो. निळ्या एलईडीखाली लाल लिपस्टिक काळी दिसते, राणी किंवा जांभळट गुलाबी रंग टिकतो. चमकी लावायची तर सौंदर्यप्रसाधनाचीच, हस्तकलेच्या दुकानातली नव्हे. तिच्या कडा धारदार असतात आणि कण डोळ्यांत जातात. रात्री कितीही थकवा असला तरी मेकअप तेलाने किंवा बामने पूर्ण काढावा, कारण वॉटरप्रूफ मस्कारा नुसत्या पाण्याने निघत नाही. पापण्यांवर उरलेली चमकी चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलावी, नाहीतर सकाळी ती शालूच्या मेकअपमधून लुकलुकते.

रविवारचे गणित कागदावर मांडावे. मुहूर्त ११:४० चा. गौरीहारापुढे १०:३० ला बसायचे. त्याआधी पाऊण तास फोटो, म्हणजे ९:४५ ला तयार. साडी आणि दागिने पाऊण तास, केस एक तास, मेकअप दीड तास, म्हणजे ६:३०. अडीअडचणीला अर्धा तास धरला तर सहाला खुर्चीत बसायला हवे. करवल्या आणि दोन्ही आया मिळून पाच जणी असतील तर प्रत्येकी ४० मिनिटांप्रमाणे ३ तास २० मिनिटे लागतात. म्हणजे दुसरी मदतनीस हवीच. ब्लाउजला हूक पुढे असावेत, आणि दुसऱ्या साडीच्या ब्लाउजलाही. डोक्यातून काढायच्या ब्लाउजाने अष्टपुत्री बदलून शालू नेसताना सगळा खोपा हलतो.

मुंडावळ्यांचा दोरा कपाळावरून जातो तिथे फाउंडेशनवर रेघ उमटते. तिथे थर पातळ ठेवावा, पुढचे केस दोऱ्याच्या मागे पिनांनी बसवावेत आणि विधी संपल्यावर ओल्या स्पंजने रेघ मिटवावी. नथ सगळ्यांत शेवटी. दाबाची नथ असेल तर नाकाच्या त्या जागी पावडर जास्त, क्रीम कमी, नाहीतर ती घसरते. नाक टोचून घ्यायचे असेल तर किमान तीन महिने आधी. लिपस्टिक मॅट असावी, नथीचे मोती वरच्या ओठाला लागतात. होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येतेच, तेव्हा काजळही वॉटरप्रूफ हवे. लेन्स मेकअपच्या आधी घालाव्यात आणि मेकअप उतरवण्याआधी काढाव्यात. मोगऱ्याचे गजरे कळ्यांचे घ्यावेत, ओलसर कापडात गुंडाळून थंड जागी ठेवावेत आणि हेअरस्प्रे मारून झाल्यावरच माळावेत. फुलांवर स्प्रे गेला की ती काळवंडतात.

सावळ्या मुलीला दोन छटा उजळ फाउंडेशन लावायची पद्धत आता तरी थांबावी, असे आम्हाला मनापासून वाटते. फ्लॅशमध्ये तो चेहरा राखाडी येतो, आणि खाली मेंदीचे हात खऱ्या रंगाचे दिसतात. छटा हनुवटीच्या कडेला लावून, उजेडात, गळ्याशी जुळवून निवडायची असते. "थोडं गोरं करा" असे सांगणाऱ्या नातेवाइकांना घरच्यांनीच थोपवावे. मुलगी त्या दिवशी बोलू शकत नाही. झटपट उजळपणाची, लेबल नसलेली मलमे तर घेऊच नयेत. त्यांत पारा सापडलेला आहे आणि पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडतात.

मेकअपची ट्रायल चार ते सहा आठवडे आधी घ्यावी. फेशियलच्या दिवशी मात्र नको. लावलेला मेकअप सहा तास ठेवावा, उजेडात आणि फ्लॅश लावून फोटो काढावेत. सिलिकाची पांढरी पावडर आरशात दिसत नाही, पण फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरे चट्टे दाखवते. शेवटचे फेशियल पाच-सात दिवस आधी, ब्लीच सात-दहा दिवस आधी. शेवटच्या पंधरवड्यात कोणतेही नवे क्रीम नको. वैशाखातल्या विदर्भातल्या उन्हात आणि कोकणातल्या दमट हवेत थर वाढवून मेकअप टिकत नाही. पातळ थर, सेटिंग स्प्रे आणि घाम पुसायला नव्हे तर टिपायला कागद, एवढेच तिथे चालते.

शेवटचा मुद्दा मंगल कार्यालयाचा. वधूपक्षाच्या खोलीत बहुधा सहा अँपिअरचे सॉकेट असते आणि त्यावर एक्स्टेन्शन लावून दोन हजार वॅटचा ड्रायर, कर्लर आणि इस्त्री एकदम चालवतात. ड्रायर एकटाच जवळपास नऊ अँपिअर ओढतो. मग ऐन सात वाजता एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा स्विच, पडतो आणि विद्युतवाला आठला येतो. कार्यालय ठरवतानाच खोलीत सोळा अँपिअरचे सॉकेट आहे का, उजेड येणारी खिडकी आहे का आणि खोली पहाटे साडेपाचला उघडून मिळेल का, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे.

कळावे,
आपल्या नम्र,
पार्लर चालवणाऱ्या काही वाचक, सांगली