विमानाच्या वेळेशेजारी प्रवासाचे तासही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी विमानांचं कोष्टक वाचलं. मुंबई ते न्यूयॉर्क, अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, सुटणार रात्री 1.30, पोहोचणार सकाळी 7. आकडे बरोबर आहेत. पण पोहोचण्याची वेळ तिथल्या घड्याळाची आहे, हे कुठेच लिहिलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात माझे धाकटे दीर आणि जाऊबाई कळव्याहून मुलीकडे पहिल्यांदाच निघाले. दीर बहात्तर वर्षांचे, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन. तिकीट काढून देणाऱ्याने पिवळ्या कागदावर बॉलपेनने लिहून दिलं होतं, ‘प्रवास साडेपाच तास’, आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. साडेपाच तासच तर, म्हणून इन्सुलिनची पेनं मोठ्या बॅगेत गेली आणि बॅग काउंटरवर दिली. विमान सोळा तास हवेत होतं. दीर उतरले तेव्हा पाय लटपटत होते. लेकीने घरी नेऊन तपासली तर साखर साडेतीनशेच्या वर.

हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. साडेपाचात साडेदहा मिळवले की सोळा. हे गणित मी तीस वर्षं वर्गात शिकवलं आणि घरच्यांचा कागद मात्र मागून पाहिला नाही, याची टोचणी अजून आहे.

नुसत्या किलोमीटरवरूनही अंदाज येत नाही. भिंतीवरच्या नकाशात मुंबई-न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान आणि सहारावरून जाते. पृथ्वीगोलावर लोकरीचा धागा ताणून धरा, तो कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडून वर चढतो आणि आइसलँडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी उतरतो. मुलं हे पाहून दरवेळी गोलाभोवती गर्दी करायची. सगळ्यात जवळची वाट हीच, पण विमानाला दरवेळी ती मिळत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा पश्चिमेकडच्या फेऱ्यांना वळसा पडला. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून परतीला साधारण चौदाच तास लागतात.

माझी विनंती एवढीच, की कोष्टकात ‘प्रत्यक्ष प्रवासाचे तास’ असा रकाना घाला आणि दोन्ही वेळांपुढे ‘स्थानिक वेळ’ लिहा. जमल्यास तळाशी एक ओळ द्या: इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा.

दीर-जाऊबाई एप्रिलमध्ये परततील. तोवर तिथली घड्याळं तासभर पुढे गेलेली असतील, म्हणजे फरक साडेनऊचा. तिथून सकाळी 11 ला निघून ते इथे दुसऱ्या दिवशी सकाळी 10.30 ला उतरतील. इन्सुलिन कधी घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारून मी भारतीय वेळेप्रमाणे मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
नौपाडा, ठाणे