‘डाएट’ चिवड्याच्या पाकिटामागचा आकडा समोर आणा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहामुळे किंवा वाढत्या वजनामुळे ज्यांना डॉक्टरांनी भात, पोळी, पोहे बेताने खायला सांगितले आहे, त्यांची खरी पंचाईत जेवणाच्या ताटावर होत नाही. ती संध्याकाळी चहाच्या वेळी होते. तेव्हा तोंडात टाकायला काहीतरी कुरकुरीत हवे असते आणि दुकानदार मोठ्या आपुलकीने ‘डाएट चिवडा’, ‘रोस्टेड मखाना’, ‘मल्टिग्रेन खाकरा’ किंवा ‘शुगर फ्री’ बिस्किटे पुढे करतो. लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा (पिष्ट-साखरेचा) आहार पाळणाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्या वस्तू जवळपास एकाच माळेचे मणी आहेत, आणि त्यावरच हे पत्र आहे.

डाएट चिवड्यात तेल कमी असते, हे खरेच. परंतु तेल कमी केल्याने पोह्यांतले पिष्ट कुठे जात नाही. शंभर ग्रॅम पोह्यांत सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके असतात, चुरमुऱ्यांतही जवळपास तितकीच, आणि ज्या मखान्याला हल्ली औषधाचा मान मिळाला आहे, त्याचीही गत वेगळी नाही. मखाना हलका असल्यामुळे मोठा वाडगा भरूनही फारसे काही खाल्ल्यासारखे वाटत नाही. पण त्या वाडग्यात ३० ग्रॅम मखाना असेल तर २२-२३ ग्रॅम कर्बोदके पोटात गेली, म्हणजे एका मध्यम पोळीपेक्षा जास्तच. ‘शुगर फ्री’ बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतोच. उपवासाच्या चिवड्याविषयी तर बोलायलाच नको, कारण तो बटाट्याचा किंवा साबुदाण्याचा असतो. भाजलेले चणे या सर्वांपेक्षा बरे, त्यांत प्रथिने आणि तंतू भरपूर असतात, आणि सामान्य मधुमेहींनी ते मूठभर खावेत असेच मी म्हणेन. मात्र त्यांतही निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असल्याने दिवसाची काटेकोर मर्यादा पाळणाऱ्याने ते मोजूनच घ्यावेत.

वास्तविक कुरकुरीत आणि कमी कर्बोदकांचे खाणे आपल्याकडे पूर्वीपासून आहे, फक्त त्याला चकचकीत पाकीट मिळालेले नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांत साधारण २५ टक्के प्रथिने आणि निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत कर्बोदके पाच-सहा ग्रॅमच, आणि त्यांतलाही काही भाग तंतूंचा. तांबड्या भोपळ्याची भाजी करताना ज्या बिया आपण सरळ कचऱ्यात टाकतो, त्या धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजल्या आणि वर चिमूटभर मीठ-जिरेपूड टाकली, तर बाजारातल्या महागड्या ‘सीड मिक्स’ची गरज उरत नाही. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत परतले की तेही छान कुरकुरीत होतात.

जवसाचा उपयोग आपण चटणीपुरताच करतो, ही मला मोठी उणीव वाटते. त्यातली बहुतेक कर्बोदके तंतूंच्या रूपात असतात, त्यामुळे रक्तातली साखर वाढवणारा भाग अगदी थोडा. शिवाय भरडलेले जवस पाण्यात भिजवले की ते चिकट होते आणि कोणतेही पीठ न घालता एकजीव होते. एक वाटी जवसाची भरड, अर्धी वाटी तीळ, ओवा, तिखट, मीठ आणि पाऊण वाटी पाणी एकत्र करून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, तेल लावलेल्या कागदावर जमेल तितके पातळ थापावे, सुरीने चौकोन आखून मंद ओव्हनमध्ये पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत भाजावे. ओव्हन नसेल तर जाड तवा चालतो, मात्र घाई चालत नाही. मधला भाग ओलसर राहिला तर दुसऱ्या दिवशी त्या वड्या चामट होतात.

मांसाहारी मंडळींचे तर काम आणखी सोपे आहे. जवळा, सोडे, सुके बोंबील यांत कर्बोदके नसल्यातच जमा आहेत आणि प्रथिने मात्र ठासून भरलेली. जवळा चाळून वाळू-कचरा काढावा, कोरड्या तव्यावर चुरचुरीत होईपर्यंत भाजावा आणि खाताना त्यावर बारीक कांदा, कोथिंबीर व लिंबू घ्यावे. या चवीपुढे कोणताही पाकीटबंद ‘प्रोटीन चिप्स’ फिका पडेल. (शेजाऱ्यांची नाराजी हा या पदार्थाचा एकमेव दुष्परिणाम.) बोंबील किनाऱ्यावर वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, टांगून उन्हात वाळवतात, परंतु खारवलेली मासळीही बाजारात असते आणि ती रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावी.

हे खाणे अमर्याद नाही. मूठभर दाण्यांतूनही १७० च्या आसपास कॅलरी मिळतात, आणि टीव्हीसमोर डबा घेऊन बसणाऱ्याची मूठ कधी भरतच नाही. खवट खोबरे आणि बुरशी लागलेले शेंगदाणे तर निव्वळ अपायकारक. राज्यात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या सांगण्यानुसार दिवसातून दोनदाच जेवणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांना मधल्या वेळचे हे खाणे मुळातच वर्ज्य आहे. जे इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता कर्बोदके एकदम कमी केली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये अतिशय कमी कर्बोदकांच्या आहाराने रक्तातील आम्लता वाढण्याचा वेगळा धोका असतो. तेव्हा औषधाचा डोस आणि आहार हे दोन्ही एकत्रच ठरायला हवेत.

आता पाकिटांविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर शंभर ग्रॅममागे कर्बोदके किती हे छापावे लागते. पण तो आकडा मागच्या बाजूला, घडीजवळ, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत असतो, आणि दर्शनी बाजूला ‘डाएट’ हा शब्द मात्र बोटभर उंचीचा. प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये दर्शनी बाजूच्या तारांकनाचा, म्हणजे पदार्थ किती आरोग्यदायी ते ताऱ्यांनी दाखवण्याचा, जो मसुदा काढला, त्यात ऊर्जा, संपृक्त स्निग्ध पदार्थ, एकूण साखर आणि सोडियम यांसाठी गुण कापले जातात, पिष्टाचा स्वतंत्र हिशेबच त्यात नाही. ज्या देशात आहारातील सुमारे ६० टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, तिथे हा आकडा वगळून पदार्थाला आरोग्यदायी ठरवणे मला पटत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे: ज्या पाकिटावर ‘डाएट’, ‘शुगर फ्री’ किंवा ‘मधुमेहींसाठी’ असे लिहिलेले असेल, त्यावर त्याच बाजूला आणि तितक्याच ठळक अक्षरांत शंभर ग्रॅममधील एकूण कर्बोदके व तंतू छापणे बंधनकारक करावे. मिठाईच्या दुकानांत बरण्यांतून सुटा विकला जाणारा ‘डाएट’ माल सध्या कोणत्याही आकड्याविना विकला जातो, त्या बरणीवरही हीच चिठ्ठी असावी. आणि आपल्या आरोग्य पुरवणीत मखान्याच्या पाककृती छापताना त्यांच्याखाली एका वाढणीतील कर्बोदकांचा आकडा द्यावा, ही आपल्यालाही नम्र विनंती.

आपली,
एक मधुमेही वाचक, रत्नागिरी