अवकाशातील चिपसाठी मोहिमांपासून वेगळा निधी हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘विक्रम 3201’ हा अवकाशासाठी घडवलेला 32 बिटी प्रोसेसर सप्टेंबर 2025 मध्ये ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत पंतप्रधानांना सादर झाला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला मनापासून अभिमान वाटला. तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई अवकाश केंद्र आणि मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांनी तो मिळून तयार केला असून, डिसेंबर 2024 मधील पीएसएलव्ही-सी60 मोहिमेत त्याची अवकाशात चाचणीही झाली. मात्र त्याच्या आधीचा 16 बिटी ‘विक्रम 1601’ आपल्या प्रक्षेपकांत 2009 पासून काम करत होता, म्हणजे पुढची पिढी यायला सुमारे दीड दशक लागले. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. या कामासाठी पैसा कधी आणि कोणत्या वाटेने येतो, हा खरा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मोहीम मंजूर झाली की तिच्यासोबत तारीख येते, आणि तारीख ठरलेला प्रकल्पप्रमुख सिद्ध झालेला, हाताशी असलेला सुटा भाग निवडतो. त्याच्या जागी कोणीही तेच करील. त्यामुळे मोहिमेच्या अंदाजपत्रकातून नवी चिप जन्माला येणे जवळजवळ अशक्य असते. दिक्‌चालनाच्या ‘नाविक’ व्यवस्थेत आपण याची किंमत मोजली आहे. 2013 साली सोडलेल्या तिच्या पहिल्या उपग्रहातील तिन्ही आयात रुबिडियम अणुघड्याळे बंद पडली आणि तो उपग्रह स्थाननिश्चितीच्या कामातून बाद झाला. स्वदेशी अणुघड्याळ घेऊन जाणारा ‘एनव्हीएस-01’ उपग्रह मे 2023 मध्ये गेला. घड्याळाच्या संशोधनाला आधीपासून अखंड पैसा मिळाला असता तर ही मधली वर्षे नक्कीच कमी झाली असती, असे माझे मत आहे.

अमेरिकेचा अनुभवही असाच बोलका आहे. 2012 साली मंगळावर उतरलेली ‘क्युरिऑसिटी’ आणि 2021 साली उतरलेली ‘पर्सिव्हिअरन्स’ या दोन्ही बग्यांचा मेंदू म्हणजे ‘रॅड 750’ हा प्रोसेसर, ज्याचा मूळ आराखडा 1990 च्या दशकातील घरगुती संगणकांचा आहे. ही कोंडी फोडण्यासाठी नासाने 2022 साली एका चिप कंपनीशी 5 कोटी डॉलरचा करार केला. सध्याच्या अवकाश-संगणकांच्या किमान 100 पट क्षमता हे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची बाब ही, की हा पैसा नासाच्या तंत्रज्ञान विभागाने दिला, कोणत्याही एका यानाच्या खात्यातून तो आला नाही.

चिप तयार होणे हे अर्धेच काम, याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. अवकाशातील एखादा जड आयन (विद्युतभारित अणू) चिपमधून आरपार गेला तर स्मृतीतला शून्याचा एक होतो, आणि कधी परिपथात असा प्रवाह सुरू होतो की वीज तोडल्याशिवाय तो थांबत नाही; शिवाय प्रारणाची (रेडिएशनची) मात्रा वर्षानुवर्षे साचून ट्रान्झिस्टरचे गुणधर्मच बदलतात. हे सारे जमिनीवर तपासायचे तर कोबाल्ट-60 चे गॅमा किरण लागतात आणि दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात किंवा मुंबईच्या पेलेट्रॉन या त्वरकात (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) मिळतो तसा आयनांचा झोतही लागतो. गुरूच्या तीव्र प्रारणपट्ट्यांत जाणाऱ्या नासाच्या ‘युरोपा क्लिपर’ यानातील काही ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा कमी मात्रेला निकामी होऊ शकतात, हे 2024 साली उड्डाणाला थोडेच महिने उरले असताना कळले. अनेक ठिकाणी रात्रंदिवस चाचण्या झाल्या, प्रारणपट्ट्यांतल्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात ते ट्रान्झिस्टर बरेचसे सावरतात असे दिसले आणि ऑक्टोबरमध्ये यान वेळेवर निघाले. चाचणीची सोय आणि जाणकार माणसे आधीपासून तयार होती, म्हणूनच हे जमले.

आपल्याला 2035 पर्यंत अवकाशस्थानक उभारायचे आहे आणि 2040 पर्यंत चंद्रावर माणूस पाठवायचा आहे. त्या यानांना लागणारी स्मृती, वीजनियंत्रक आणि प्रोसेसर यांचे काम आजच सुरू व्हायला हवे. त्यासाठी अवकाश विभागाच्या अर्थसंकल्पीय मागण्यांत मोहिमांपासून वेगळे, किमान दहा वर्षांचे लेखाशीर्ष असावे, ते एखाद्या मोहिमेच्या अडचणीपायी वळवता येऊ नये, आणि त्यातला ठरावीक वाटा चाचण्यांसाठीच राखून ठेवावा. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरीचे धरण मध्येच थांबले आणि पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. काम खंडित झाल्याची झळ काय असते, हे या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. मोहालीतल्या 180 नॅनोमीटरच्या पुढचे, म्हणजे चिपवर आणखी बारीक घटक कोरण्याचे तंत्र देशात आणण्याचा खर्च मोठा आहे, हे मान्य. पण प्रारण सोसणारी रचना जुन्या तंत्रावरही शिकता आणि शिकवता येते.

कोल्हापूरचा संबंध इथेच येतो. शिवाजी विद्यापीठात आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत चिपची रचना शिकणारी मुले दरवर्षी बाहेर पडतात, परंतु त्यांची रचना बहुधा संगणकाच्या पडद्यावरच संपते. या निधीतून विद्यापीठांच्या गटांना मोहालीत चिप बनवून घेण्याची आणि त्वरकावर ती तपासण्याची वेळ दरवर्षी राखून मिळावी. आपल्या लोकप्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पापूर्वी ही मागणी अवकाश विभागाकडे लेखी नोंदवावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक निवृत्त अध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर