तक्रार : बोरोसिलिकेट नळ्या तापल्यावर होणारी करंट गळती

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता नियंत्रण विभाग

महोदय,

आपल्याकडून आलेल्या बोरोसिलिकेट (बोरॉनयुक्त, उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) नळ्या आम्ही गरम इलेक्ट्रोडभोवती इन्सुलेटर म्हणून वापरतो. पहिल्या लॉटबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या लॉटच्या नळ्या बसवल्यापासून मात्र तापमान २५० अंश सेल्सिअसवर गेले की करंट गळू लागतो. हे कळवल्यावर आपले एका ओळीचे उत्तर आले : काचेचे मिश्रण तेच आहे, चाचणी अहवाल सोबत जोडला आहे.

अहवालातली रोधकता (करंटला काच किती अडवते ते माप) खोलीच्या तापमानाची आहे. त्या तापमानाला खिडकीची काचही उत्तम इन्सुलेटर असते! काचेत करंट वाहून नेतात ते मुख्यतः सोडियमचे आयन, आणि काच तापली की ते हलू लागतात. २५० अंशांना साध्या सोडा-लाइम काचेची (म्हणजे खिडकीच्या काचेची) रोधकता २५-३० लाख ओहम-सेंमीपर्यंत उतरते, चांगली बोरोसिलिकेट १० कोटींच्या आसपास टिकते. आम्हाला हवा आहे तो हा आकडा, आणि अहवालात नेमका तोच नाही.

बरे, मिश्रण तेच आहे असे धरून चालू. पोलॅरिस्कोपखाली (काचेतला ताण दाखवणाऱ्या उपकरणाखाली) धरल्यावर बहुतेक नळ्यांच्या टोकांशी रंगीत पट्टे दिसतात, म्हणजे काचेत ताण उरला आहे, ॲनीलिंग (ताण जाण्यासाठी काच तापवून सावकाश थंड करणे) घाईत उरकले आहे. झटपट थंड झालेल्या काचेची रचना सैल राहते आणि सोडियमला वाट सोपी होते. अशा काही नळ्या आम्ही ५६० अंशांवर थोडा वेळ ठेवून सावकाश थंड केल्या. पट्टे गेले आणि गळती जवळपास एक तृतीयांशावर आली. मिश्रणाला हात न लावता एवढा फरक पडला, याचा खुलासा आपणच करावा. (उपाय म्हणून नळ्या भट्टीत वाटेल तेवढा वेळ ठेवाव्यात, असेही नाही. ६०० अंशांच्या आसपास ही काच तासन्‌तास राहिली तर सोडियम-बोरेटचा भाग वेगळा होऊ लागतो, आणि त्याची सलग जाळी झाली की गळती उलट वाढते.)

काही नळ्या मात्र ॲनीलिंगनंतरही तशाच गळक्या राहिल्या. त्या ग्लिसरीनमध्ये बुडवून पाहिल्या. बोरोसिलिकेटचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते माप) ग्लिसरीनच्या इतका जवळ आहे की नळी जवळजवळ दिसेनाशी होते. या नळ्यांची कड न्‌ कड दिसत राहिली. म्हणजे त्यांचा अपवर्तनांक वेगळा आहे. त्याच खोक्यात सोडा-लाइमच्या नळ्या मिसळल्या आहेत, असा आमचा स्पष्ट संशय आहे.

तरी संपूर्ण लॉट बदलून द्यावा. नव्या लॉटसोबत ॲनीलिंग भट्टीचा तापमान-आलेख आणि २५० व ३५० अंशांवरची रोधकता लेखी मिळावी. ती मिळेपर्यंत पुढची ऑर्डर थांबवली आहे. ॲनीलिंगआधीची एक, नंतरची एक आणि ग्लिसरीनमध्ये दिसणारी एक अशा नळ्या खुणा करून सोबत पाठवल्या आहेत.

कळावे,
आपला ग्राहक