डावा गाल

विटा,
रविवार, दुपार

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेलो की तू "हो बाबा, हो बाबा" म्हणत मला म्यूटवर टाकतेस आणि तिकडं मीटिंग ऐकत बसतेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. म्हणून पत्र लिहितोय. दुकान दुपारचं बंद आहे, आई झोपली आहे आणि पाठकोरे कागद ढीगभर पडलेत.

मंगळवारी तुझा मेसेज आला: "बाबा, आपल्याकडं ती डाग जायची ट्यूब असते ना, दोन कुरिअर करा." ती ट्यूब पाठवणार नाही. का, ते पुढं लिहितो. आधी तुझ्या बाटल्यांचं बोलू.

मागच्या महिन्यात तुझ्याकडं दोन दिवस राहिलो, तेव्हा दात घासताना बेसिनवरच्या बाटल्या मोजल्या. अकरा भरल्या. तीस वर्षं मेडिकल चालवलेल्या माणसाला लेबल वाचल्याशिवाय राहवत नाही, त्यामुळं तोंडात ब्रश तसाच ठेवून सगळी वाचली. व्हिटॅमिन सी, नायसिनमाइड, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, रेटिनॉल आणि दुसऱ्या कंपनीचं परत सॅलिसिलिक. एक डबी लॅपटॉपच्या निळ्या उजेडापासून गाल वाचवणारी. (उन्हाच्या मानानं स्क्रीनचा उजेड म्हणजे निरांजन. ते पैसे गेले, विसरून जा.) अकरांत सनस्क्रीन मात्र एकही नाही. विचारलं तर म्हणालीस, "मी आठवडा आठवडा जिना उतरत नाही, मला कुठलं ऊन?"

तुझ्या टेबलाच्या डाव्या हाताला ती जमिनीपासून वरपर्यंत काच आहे. पश्चिमेची. दोन वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत ऊन तुझ्या डाव्या गालावर बसून असतं. जेवायला समोर बसलीस तेव्हा मी बघितलं, डावा गाल उजव्यापेक्षा चांगलाच काळवंडलाय, आणि ते डाग म्हणतेस तेही डावीकडंच जास्त आहेत.

कातडीला त्रास देणारे अतिनील किरण दोन जातींचे. यूव्हीबी चटका देतात, लाल करतात. ते साध्या काचेनं बरेचसे अडतात. यूव्हीए चटका देत नाहीत, पण जास्त खोल जातात, रंग काळवंडवतात, सुरकुत्या आणतात, आणि ते काचेतून बऱ्यापैकी आत येतात. तुला पोळत नाही, म्हणून संशय येत नाही. आपल्या डेपोतल्या ड्रायव्हरांचा उजवा हात बघ आणि डावा बघ. त्यांची खिडकी उघडी असते, ते सोड, पण हिशेब तोच.

तर आधी टेबल फिरव. हा उपाय फुकटचा आहे. त्यात विकायला काही नाही, म्हणून रीलवाल्या पोरी तो सांगत नाहीत. मग सनस्क्रीन. एसपीएफ 30 म्हणजे यूव्हीबी साधारण 97 टक्के अडतात, 50 ला 98. म्हणून 100 लिहिलेल्या बाटलीला जादा पैसे मोजू नकोस. पण एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा. काचेजवळ बसणारीनं बघायचं ते "ब्रॉड स्पेक्ट्रम" हे शब्द, नाहीतर "पीए" या अक्षरांपुढच्या अधिकच्या (+) खुणा. जेवढ्या जास्त खुणा, तेवढं यूव्हीएला चांगलं. डागांसाठी थोडी रंगाची, टिंटेड म्हणतात ती मिळाली तर अजून बरं; त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणाराही उजेड अडवतं, आणि डागांना तोही बाधतो.

आणि लावायचं किती? दुकानात मी रोज बघतो, लोक टिकलीएवढं घेतात. प्रयोगशाळेत हा आकडा काढतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावलेलं असतं. सोपं माप म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. एवढं तोंडाला आणि मानेला. सकाळी एकदा, आणि ऊन टेबलावर यायच्या आधी पुन्हा एकदा.

आता ती ॲसिडं, म्हणजे तुझं ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक. तू म्हणालीस, "हल्ली साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं." माऊ, वरची कातडी ही विटांची भिंत आहे असं समज (आपल्या गावचं नावच विटा, त्यामुळं मला हे लगेच पटलं होतं). पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. ग्लायकोलिक थोडं थोडं वापरलं तर वरच्या सुटत आलेल्या विटा निघतात. तू सकाळी एक, रात्री दोन, रविवारी ते लालभडक सोलायचं पाणी असं चालवलंयस. चुना धुऊन गेला आणि भिंत गळायला लागली. त्यावर अजून एक सीरम म्हणजे गळक्या भिंतीला रंग.

महिनाभर सगळं बंद. महिना अशासाठी की खाली तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण तेवढे दिवस लागतात. सकाळी नुसत्या पाण्यानं तोंड धू, चाललं तर. रात्री सौम्य फेसवॉश. अंगाचा साबण तोंडाला नको. कातडी मुळात थोडी आंबट असते, पीएच पाचच्या आसपास, आणि नेहमीचा साबण नऊ-दहाचा. शाळेत लाल लिटमस साबणाच्या पाण्यात निळा झाला की टाळ्या पिटायचीस, तेच हे. तोंड पुसताना पूर्ण कोरडं करू नकोस, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लाव. साधं, बिनवासाचं, ग्लिसरीन असलेलं. आणि गिझरचं कढत पाणी तोंडावर घेत जाऊ नकोस, ते तुझं आणि तुझ्या आत्याचं वेड आहे.

महिन्यानंतर पाहिजे तर एक वस्तू आण. एकच. आधी कानामागं चार दिवस लावून बघ. रेटिनॉल असेल तर रात्री, सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड. पुढं कधी दिवस राहायचा विचार असेल तेव्हा ते आधीच बंद करायचं, हेही आत्ताच सांगून ठेवतो. फोडांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड कुणी दिलं तर जुना टॉवेल वापर. ते कापडाचा रंग खातं. आपल्या घरातल्या निळ्या टॉवेलवर पांढरे ठिपके कुणामुळं पडले याचा तपास तुझ्या भावापाशी येऊन थांबला होता.

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यातलं काहीही नको. लिंबाचा रस पीएच दोनच्या आसपास, आणि तो लावून काचेजवळ बसलीस तर उन्हात डाग पडायची भीती वेगळी. आजीचं साय आणि डाळीचं पीठ तेवढं चालेल, कातडी बरी झाल्यावर, हलक्या हातानं. आजी ते कढईसारखं घासायची, तसं नको.

फोड हनुवटीच्या कडेनं येत असतील आणि पाळी पुढं-मागं होत असेल, किंवा मान काळपट, जाडसर दिसायला लागली असेल, तर ते बाटलीनं जाणार नाही. तपासण्या करून घे. बापानं हे लिहावं का, असं तुला वाटेल. काउंटरमागं बसून माझी ती लाज केव्हाच गेली.

आता ट्यूब.

तू लहानपणापासून बघतेस, आई भाकरी करायला गॅसपुढं उभी राहिली की दोन्ही गाल लालबुंद होतात. तुम्ही दोघं "आई लाजली, आई लाजली" म्हणून नाचायचा. ती हसायची. मी कधी हसलो नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसेल.

तुझ्या भावाच्या वेळी तिला वांग आले. बाळंतपणानंतर थोडे फिके झाले, पण गेले नाहीत. मी दुकानातून ट्यूब आणून दिली. तीच, जी तू मागितलीस. त्यात तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं स्टेरॉईड. डॉक्टरनं नजर ठेवून काही आठवडे वापरायचं औषध ते. पंधरा दिवसांत आईचा चेहरा असा उजळला की शेजारच्या चौघी दुकानात येऊन "वहिनींनी लावली ती द्या" म्हणाल्या. मी दिली. आई लावत राहिली, कारण थांबली की आग व्हायची आणि बारीक फोड यायचे. पुन्हा लावली की शांत. असं तीन वर्षं. ट्यूब संपायच्या आधी दुसरी मीच आणून ठेवायचो.

कोल्हापूरला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडं नेलं तेव्हा गालावर लाल बारीक शिरांचं जाळं होतं, हनुवटीवर लव वाढली होती. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि विचारलं, "ही ट्यूब तुम्हाला चिठ्ठीशिवाय कुठल्या मेडिकलनं दिली?" आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. एक शब्द बोलली नाही. मी तिथंच उभा होतो, फाईल हातात धरून. मीही बोललो नाही.

ट्यूब सोडवायला सहा महिने लागले. वांग परत आलेच. शिरा आहेत तशा आहेत, आणि उष्णता अजून सोसत नाही.

2018 मध्ये सरकारनं स्टेरॉईडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. माझ्यासारख्याला तेवढंच सांगता येतं की आधी कायदा ढिला होता. पण आईचे गाल मी कायद्याच्या कितीतरी आधी बघितले होते, आणि कायद्यानंतरही वर्षभर ओळखीच्यांना "नाही" म्हणायला जीभ उचलत नव्हती. नायट्याला लोक अजून तसलंच मलम मागतात. दोन दिवस खाज थांबते आणि नायटा खालून पसरतो. आता मी देत नाही. दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, जाऊ देत.

तुला कुणी पार्लरमध्ये, ऑनलाइन, मैत्रिणीकडून काही दिलं तर खोक्यावरचं बारीक अक्षर वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, अशी शेवटी "सोन" येणारी नावं, नाहीतर क्लोबेटासोल. हे सोन म्हणजे सोनं नव्हे. खोक्यावर घटकच लिहिलेले नसतील तर ते उघडूसुद्धा नकोस.

पुण्यात त्वचेच्या डॉक्टरला एकदा दाखव, डाग नक्की कसले आहेत ते कळेल. फी मी देतो.

उद्याच्या कुरिअरनं पार्सल येईल. त्यात सनस्क्रीन दोन, मॉइश्चरायझर एक, फेसवॉश एक, आणि खाली घडी घातलेला जाड पडदा आहे. आईनं शिवलाय. माप मी तिथं असताना वितीनं घेऊन आलो होतो, तू मीटिंगमध्ये होतीस. चार बोटं लांब झाला असेल तर खालून दुमडून टाक, कापू नकोस.

तुझे,
बाबा