उठायची वेळ ठरव, पण आधी निजायची

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास, "बाबा, दिवस कुठे जातो तेच कळत नाही." ते वाक्य तेव्हापासून मनात घोळतंय. रात्री दीड-दोनपर्यंत जागायचं, सकाळी गजर पुन:पुन्हा पुढे ढकलायचा आणि मग धावतपळत घराबाहेर पडायचं, असं तुझं किती दिवस चाललंय. तू आळशी नाहीस, हे मी छातीठोकपणे सांगेन. तू मेहनत करतोस, पण तुझ्या मेहनतीच्या वाट्याला दिवसातली सगळ्यात थकलेली वेळ येते. मला खरा त्रास त्याचा होतो.

लवकर उठणाऱ्याच्या दिवसातही तास चोवीसच असतात. फरक पडतो तो त्यातला कोणता तास कशाला दिला याने. रात्री एक वाजता पुस्तक उघडतोस तेव्हा दिवसभरातली बोलणी, कामं, काळज्या सगळं डोक्यात साचलेलं असतं. एकच पान तू तीनदा वाचतोस. सकाळी पोटभर झोप झालेली असते, कोणाचा निरोप आलेला नसतो, कोणाला उत्तर द्यायचं नसतं. अशा एका तासात अवघड प्रकरण जेवढं उलगडतं, तेवढं उलगडायला रात्री दोन तासही पुरत नाहीत. शिवाय दिवस पुढे कसाही गेला, तरी आपलं महत्त्वाचं काम सकाळीच झालंय याची निश्चिंती असते. तुझ्या बोलण्यात मला तीच ऐकू येत नाही.

आता थोडं शरीराविषयी, कारण नुसत्या निश्चयावर हे जमत नाही. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. झोप, जाग, शरीराचं तापमान, संप्रेरकं या सगळ्यांच्या वेळा तिथून ठरतात. पेशींच्या आत शरीराचं हे घड्याळ कसं चालतं, ते फळमाशीवर प्रयोग करून उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. बहुतेक माणसांत या घड्याळाचा एक फेरा २४ तासांहून किंचित मोठा असतो. म्हणजे त्याला मोकळं सोडलं, तर ते रोज थोडं थोडं उशिराकडे सरकणार. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते मागे ओढलं जातं. रात्री डोळ्यांसमोर धरलेला फोनचा पडदा नेमकं उलट करतो, तो झोप आणणारं मेलाटोनिन दाबून ठेवतो. म्हणून उठलास की बाहेर जा. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. रोज पंधरा-वीस मिनिटं चाललास, तर हळूहळू रात्री झोप लवकर येऊ लागेल.

तुझ्या वयात हे घड्याळ निसर्गतःच उशिराचं असतं. तेव्हा जड गेलं, तर मनाचा कमकुवतपणा समजू नकोस. पहाटे चारचा हट्टही नको. तुला साडेसहा पुरे आहेत. पुढेमागे सहा जमले तर उत्तमच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. झोप कापून लवकर उठू नकोस. मोठ्या माणसाला किमान सात तास हवेतच, आणि तुझ्या वयाला त्याहून थोडी जास्त झोप लागली तर नवल नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त असते. एकला झोपून पाचला उठणारा नेमकी तीच गमावतो आणि वर त्याचा अभिमान बाळगतो. अशा मित्रांशी चढाओढ करू नकोस. साडेसहाला उठायचं असेल, तर साडेदहाला दिवा बंद व्हायला हवा, आणि खरी लढाई तिथेच आहे.

एकदम दोन तास मागे आणलेस, तर चार दिवसांत सोडून देशील. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं पुरेत. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपायचं नाही, नाहीतर आठवडाभर कमावलेलं दोन दिवसांत जातं. संध्याकाळची कॉफी बंद कर. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे पाचला प्यायलेल्या कपाचा अर्धा भाग दहाला अंगात असतोच. फोन पलंगापासून लांब ठेव.

आणि जाग आल्यावरची पहिली वीस-तीस मिनिटं डोकं जड राहतं, ते सगळ्यांचंच राहतं. त्या अवस्थेत "आज राहू दे" असं ठरवायचं नाही. सकाळी काय करायचं ते आदल्या रात्री कागदावर लिहून ठेव, आणि एकच काम लिही. तू हल्ली टाळतो आहेस तो विषयच घे. त्या तासात फोन उघडलास, तर लवकर उठून काहीच हाती लागणार नाही.

आई विचारत होती, इतकं लांबलचक काय लिहिताय म्हणून. तिला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं एवढंच, की आधी पोराची झोप पुरी होऊ दे. तेव्हा या आठवड्यात उठायची वेळ बदलू नकोस, फक्त निजायची पंधरा मिनिटं अलीकडे आण. कसं जमतंय ते रविवारी फोनवर सांग.

तुझा,
बाबा